तीन कुलपांची पेटी

रविवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी माझ्या बायकोच्या निळ्या पंपाच्या खिडकीत शून्य आलं.

दम्याच्या पंपाला पाठीमागे एक इवलीशी खिडकी असते. किती फवारे उरलेत ते तिथं दिसतं. मी गेली पंधरा वर्षं गावाला सांगत आलो होतो की आकडा एक दिवस शून्यावर येणार आहे. फक्त मी दुसऱ्याच आकड्याबद्दल बोलत होतो.

"दुसरा पंप कुठाय?" मी विचारलं.

लव्हडे पलंगाच्या काठावर बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. तिचे खांदे कानांपर्यंत चढत होते आणि उतरत होते. श्वास आत जाताना काही ऐकू येत नव्हतं. बाहेर पडताना मात्र बारीक शीळ वाजत होती, दाराच्या फटीतून वारा यावा तशी.

"हाच... दुसरा," ती म्हणाली.

म्हणजे दोन दिवसांत दोन पंप, आणि मी त्याच घरात राहत होतो.

"अगं, मग सांगायचं नाही का?"

"तालीम," ती म्हणाली. सेक्रेटरीच्या बायकोनंच तालीम मोडली असं कुणी म्हणायला नको, हे सगळं तिनं एका शब्दात बसवलं. जास्त शब्दांना हवा पुरत नव्हती.

तालीम म्हणजे आमच्या हॅल्सकोम गावाचा अभिमान. दर फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारी संध्याकाळपासून रविवारी संध्याकाळी सहापर्यंत आम्ही जगातलं तेल संपलं आहे असं धरून जगतो. पेट्रोल नाही, डिझेल नाही, गॅस नाही, घरातलं विजेचं मुख्य बटण खाली. गाव अकराशे वस्तीचं. त्यातले सातशे जण भाग घेतात. बाकीचे त्या दिवसांत नातेवाइकांकडे जातात आणि सोमवारी येऊन "कसं झालं?" असं आपुलकीनं विचारतात. सगळ्याची एक चौऱ्याऐंशी पानी योजना आहे. ती मी लिहिली, तालमीच्या समितीचा सेक्रेटरी म्हणून. मी शेजारच्या गावातल्या शाळेत भूगोल शिकवतो. छत्तिसाव्या वर्षी मी जगातल्या तेलाचा उतरता आलेख पाहिला, आणि तेव्हापासून मला धड झोप नाही. माणसं मरणाला भितात, सावकाराला भितात, सासूला भितात. मी एका रेघेला भ्यायलो. मोठी सुसंस्कृत भीती होती ती. तिला आडवा अक्ष होता, उभा अक्ष होता, आणि सभेत तिच्याबरोबर चहा-बिस्किटं मिळत.

आज सकाळच्या भीतीला अक्ष नव्हते. ती पोटात होती, आणि शीळ घालत होती.

खिडकी उघडायला गेलो आणि हात आवरला. बाहेर हवाच नव्हती, धूर होता. यंदाची तालीम फार यशस्वी झाली होती, म्हणजे गेल्या वर्षी तिसरा हिस्सा लोकांनी लाकडाच्या शेगड्या पेटवल्या होत्या, यंदा सगळ्यांनी. त्यात वारा पडलेला. दरीवर थंड हवेचं झाकण बसलेलं. चारशे धुराड्यांचा धूर, त्यातलं निम्मं लाकूड ओलं, आणि सगळा गावातच मुक्कामाला. चाळीस पावलांवरच्या चर्चचा मनोरा दिसत नव्हता. चौऱ्याऐंशी पानांत सरपणावर अकरा पानं होती. कुठलं झाड किती वर्षांनी तोडावं, कुठलं पुन्हा लावावं. धुरावर एक ओळसुद्धा नव्हती.

गाडी दारात उभी होती. किल्ली नव्हती. माझ्या शेडमध्ये, कंपोस्टच्या ढिगामागे, वीस-वीस लिटर डिझेलचे दोन डबे होते. हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. उपदेश करणाऱ्यालाही रात्र काढायची असते. पण किल्लीवाचून चाळीस लिटर डिझेल हे फक्त वासाला बरं.

मी लव्हडेला बागेतल्या एकचाकी गाड्यात बसवलं. त्यात कालपर्यंत शेणखत होतं. ती काही बोलली नाही, आणि एरवी ती बोलल्याशिवाय राहिली नसती, म्हणून मी जास्तच घाबरलो. चर्चच्या सभागृहात शेगडी पेटवलेली नव्हती, आणि तिथं तारेचा जुना फोन होता. मोबाइल सगळ्यांनी किल्ल्यांबरोबर जमा केले होते.

फोनवरची ॲम्ब्युलन्सची बाई अगदी शांत होती. ओठांचा रंग कसा आहे, विचारलं. मी पाहिलं. करडा, असं म्हणायला जीभ रेटेना.

"निळसर," मी म्हणालो.

"बसवूनच ठेवा. आडवं करू नका. गाडी निघतेय. पण तुमच्या गावाचा उतार बर्फानं काचेसारखा झालाय, बर्फ वितळायला मीठ टाकलेलं नाहीये. आमची गाडी वर दगडी क्रूसाच्या तिठ्यापर्यंत येईल, पस्तीस मिनिटांत. तुम्ही त्यांना वर आणू शकाल का? तुमच्याकडे गाडी आहे?"

"दोनशे आहेत."

"मग अडचण काय आहे?"

तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. ती पुढं म्हणाली, "आणि मीठ टाकणारा ट्रक का आला नाही, कळत नाही. बाकी सगळे रस्ते तर झालेत."

मला कळत होतं. 'तालमीच्या दिवसांत कृपया आमच्या हद्दीत डिझेलचं कुठलंही वाहन पाठवू नये' असं पत्र नगरपालिकेला गेलं होतं. खाली सही माझी होती, नीटनेटकी.

आता किल्ल्यांचं सांगायला हवं. शुक्रवारी संध्याकाळी गावच्या सगळ्या गाड्यांच्या किल्ल्या चर्चमधल्या जुन्या पेटीत ठेवल्या जातात. पेटी ओकच्या लाकडाची, पाचशे वर्षांपूर्वीची, लोखंडी पट्ट्यांनी बांधलेली, आणि तिला तीन कुलपं आहेत. पूर्वी तिच्यात गावची चांदी असायची. तीन कुलपांच्या तीन चाव्या तीन माणसांकडे, म्हणजे एकट्यादुकट्याला चोरी करता येऊ नये. आमच्या पूर्वजांचा एकमेकांवर नेमका एवढाच विश्वास होता. मला ही कल्पना फारच सुंदर वाटली होती, आणि मी ती पान बारावर घातली. एक चावी चर्चच्या धर्मगुरू व्हिकरबाईंकडे, एक माझ्याकडे, तिसरी हेडलीकडे. हेडली डोंगरावरचा मेंढपाळ, वय सत्तर, तालमीचा उघड विरोधक. विरोधकाला जबाबदारी द्यावी, हे पान सहावर होतं.

माझी चावी गळ्यात होती. व्हिकरबाई, म्हणजे रेव्हरंड हॉनर, लव्हडेला पाहताच आपली चावी काढून धावल्या. हेडली वर, डोंगरावर. त्याच्यापर्यंत निरोप कसा जाणार?

"घंटा!" व्हिकरबाई म्हणाल्या. "पान एकतीस!"

इतकी वर्षं मला वाटायचं, माझी योजना कुणी वाचत नाही.

त्यांनी घंटा वाजवली. पान एकतीस सांगतं की घंटा झाली की प्रत्येकानं बादली घेऊन सभागृहात जमावं, आणि ज्याच्याकडे बैलगाडी-घोडागाडी असेल त्यानं ती आणावी. आठ मिनिटांत धुरातून दोनशे माणसं आली. दोनशे बादल्या. कुणी धावलं नाही, ढकलाढकल नाही. रांगेनं आली आणि अर्धगोल करून बसली. एरवी मला हे पाहून भरून आलं असतं.

लव्हडे खुर्चीवर पुढं वाकून बसली होती. मी तिचे श्वास मोजत होतो. मिनिटाला चौतीस. एका श्वासाला ती एखादाच शब्द बोलत होती, मग तोही थांबला.

जॉसलिननं हात वर केला. ती लंडनला मोठ्या कंपनीत होती. सगळं सोडून आमच्याकडे आली, आणि तेव्हापासून आमच्या सभा चालवते. माणूस म्हणून सोनं. "मित्रहो, प्रश्न तातडीचा आहे," ती म्हणाली. "पेटी सहाच्या आत उघडायची तर सर्वांची संमती हवी. नियम ऑब्रीचाच आहे."

"नियम गेला खड्ड्यात!" मी ओरडलो. "हेडली आला की उघडायचीच!"

"ऑब्री, तुझ्या भावना आम्ही ऐकतोय," जॉसलिन मायेनं म्हणाली. "पण हेडली येईपर्यंत संमती होऊन गेलेली बरी ना? म्हणजे मग वेळ जायला नको."

यात चूक काढायला जागा नव्हती. आमच्या लोकांच्या बोलण्यात कधीच नसते.

आमच्याकडे होकार टाळ्यांनी देत नाहीत. टाळ्यांनी लाजरी माणसं दबतात. दोन्ही हात वर करून बोटं हलवायची, आवाज न करता. दोनशे माणसांनी हात वर केले आणि चारशे पंजे धुरकट उजेडात थरथरले. एकही ना नाही. काहींच्या डोळ्यांत पाणी होतं. सगळ्यांना ती जगायला हवी होती, आणि सभागृहात तिच्या शिळेखेरीज काहीच आवाज नव्हता. पंधरा वर्षांत मला त्या हातांची कधी भीती वाटली नव्हती.

"एक फक्त खुलासा," मागून कुणीतरी म्हणालं. "एकच किल्ली काढायची, की पेटी उघडली म्हणजे तालीम संपली असं धरायचं? कारण मग आम्ही घरी जाऊन घर तापवायचा बॉयलर लावू."

"हा वेगळा मुद्दा आहे," जॉसलिन म्हणाली. "लिहून ठेवते."

मी चर्चमध्ये पळालो. सुतारकाम शिकवणाऱ्यानं कुऱ्हाड आणली होती. पहिल्या घावाला कुऱ्हाड उडाली आणि त्याच्या कानाजवळून गेली. पेटीवर ओरखडा उठला, तोही नीट दिसत नव्हता. पूर्वजांनी ती माझ्यासारख्याच माणसांना डोळ्यांपुढे ठेवून बनवली होती.

मग बाहेर टापा वाजल्या.

हेडली दारात उभा राहिला. त्याच्या भुवयांवर दहिवर होतं. मागं त्याची डॅमसन नावाची घोडी, चारचाकी गाड्याला जुंपलेली, नाकातून वाफा सोडत. त्यानं एकदा बादल्यांकडे पाहिलं.

"कुठं आग लागलीय?" त्यानं विचारलं. "वरनं बघितलं तर सगळं गावच जळतंय."

"हेडली, चावी! लव्हडेला दम लागलाय. पंप संपला. ॲम्ब्युलन्स वरच्या तिठ्याला येतेय. तुमची चावी द्या!"

तो एक क्षण माझ्याकडे पाहत राहिला. त्या क्षणात गेल्या वर्षीची तालीम मावली. गोठलेल्या रात्री त्याची मेंढी अडली होती, आणि खालच्या कुरणापर्यंत ट्रॅक्टर न्यायची परवानगी मागायला तो दोन मैल पायी खाली आला होता. हे असंच सभागृह होतं. मी उठून म्हणालो होतो, "तेल संपल्यावर मेंढी थांबणार आहे का? आज सूट दिली तर तालीम कसली?" लोक हसले होते. बोटं हलली होती, पण खाली रोखून, म्हणजे नकार. मेंढी गेली. पोटातली दोन कोकरंही गेली.

हेडलीनं खिशात हात घातला आणि चावी माझ्या तळव्यावर ठेवली.

"मी सभा नाही घेत, मास्तर," तो म्हणाला.

तिन्ही कुलपं कुरकुरत उघडली. मी झाकण उचललं आणि तसाच थांबलो. आत दोनशे किल्ल्यांचा ढीग होता आणि एकीवरही नाव नव्हतं. 'येणाऱ्या काळात गाडी कुणा एकाची नसेल, म्हणून किल्ल्यांना नावाच्या चिठ्ठ्या लावू नयेत.' पान तेरा. त्या वाक्यावर मी स्वतः खूश झालो होतो. मोबाइल त्याच ढिगात, बंद करून ठेवलेले. मी गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी उपसायला लागलो. सगळ्या काळ्या, सगळ्या सारख्या. आमचीच कुठली हे मला ओळखू येईना. बाजूला लोक वाकले, "ही का? ही बघ," आणि मी एकेक दाबत होतो, बाहेर धुरात कुठली गाडी ओरडते ते ऐकायला. कुठलीतरी ओरडायची. धुरात ती कुठं उभी आहे ते कळायचं नाही.

"तू किल्ल्या वेच," मागून हेडलीचा आवाज आला. "मी पोरीला घेऊन निघतो."

वळून पाहिलं तर त्यानं लव्हडेला उचललं होतं, मेंढी उचलतात तशी, एक हात पाठीखाली आणि एक गुडघ्यांखाली. तिची मान त्याच्या खांद्यावर पडली होती.

"घोडा नको!" मी ओरडलो. हे मीच ओरडलो. मुख्य रस्त्यावर 'उद्याचं वाहन' म्हणून घोड्याचं चित्र असलेली पाटी लावणारा मी. "हेडली, दीड मैल चढ आहे! गाडी चार मिनिटांत जाईल!"

"त्या बर्फावर? तुझी गाडी पहिल्या वळणाला कुंपणात जाईल, ही बाई आत असताना." तो चालतच होता. "घोडीच्या नालांना खिळे मारलेत. येणार असशील तर चढ. नाहीतर घे हात वर आणि हलव."

मी हातातल्या किल्ल्या टाकल्या.

गाड्यात मेंढ्यांच्या वासाचं गोणपाट होतं. मी लव्हडेला माझ्या छातीला टेकवून बसवलं. तिची पाठ लाकडासारखी ताठ होती, बरगड्यांमधली कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. डॅमसन चढाला लागली. टप, टप, टप. मला कधी कुठल्या आवाजाचा इतका राग आला नव्हता.

"पळवा ना तिला!"

"पळवली तर पडेल. पडली की संपलं," हेडली लगाम धरून पायी चालत होता. "पोरी, ऐकू येतंय का गं? माझ्या चालीनं श्वास घे. घाई नाही. बाहेर सोड. सोड. पूर्ण सोड."

दोन्ही बाजूंना उंच मातीची कुंपणं, मध्ये धूर. घोडीचं डोकंही दिसत नव्हतं. तीस झाले श्वास. मग अठ्ठावीस. मला वाटलं, बरं वाटतंय. मग कळलं की शीळ थांबत चालली होती. माझ्या आईचा भाऊ दम्यानंच गेला होता, आणि आजी सांगायची, जाण्याआधी तो फार शांत झाला.

"हेडली, आवाज येत नाहीये."

त्यानं घोडीच्या मानेवर थाप मारली आणि पहिल्यांदाच तिला काहीतरी जोरात म्हणाला. गाडा हिसका देऊन पुढं झाला.

"लव्हडे. लव्हडे, माझ्याकडे बघ." तिनं पाहिलं. मी तिचा नवरा होतो, पण त्या नजरेत मी नव्हतो. तिथं फक्त पुढचा श्वास होता, आणि तो येईल की नाही ते ती बघत होती. पंधरा वर्षं मी ज्याला भीती म्हणत होतो तो एक छंद होता.

तिसऱ्या वळणावर, कुणी चादर ओढून काढावी तसा धूर संपला.

वर निळं आकाश होतं, चावणारी थंडी होती, आणि हवा होती. इतकी स्वच्छ की नाक दुखलं. लव्हडेची मान वर झाली. एक श्वास आत गेला, अर्धाच. मग आणखी एक, आणि त्याच्यामागून शीळ परत आली. त्या शिळेनं मला रडू फुटलं.

तिठ्यावर, दगडी क्रूसाजवळ, ॲम्ब्युलन्स उभी होती. इंजिन चालूच होतं. डिझेलचा वास येत होता. तो वास मी आयुष्यभर विसरणार नाही, आणि योजनेत लिहिणारही नाही. दोघं धावत आली. तोंडावर मास्क, मास्कात वाफ, दंडात सुई. बरोबरची मुलगी म्हणाली, "आणखी दहा मिनिटं खालीच असत्या तर..." आणि वाक्य तिथंच सोडून ती कामाला लागली.

मी क्रूसाच्या पायरीवर बसलो. खाली हॅल्सकोम नव्हतंच. करड्या धुराचं तळं होतं, आणि त्यातून चर्चच्या मनोऱ्याचं टोक तेवढं वर आलं होतं. त्याखाली दोनशे माणसं बहुधा अजून किल्ल्या वेचत होती.

"हेडली," मी म्हणालो. "गेल्या वर्षी..."

"राहू दे, मास्तर." तो घोडीच्या पायातला बर्फ खरवडत होता. "तुझं म्हणणं चूक नव्हतं. मेंढी थांबली नसतीच. पण तुला ते बोलताना जरा मजा वाटली होती. तेवढंच मला खटकलं."

वीस मिनिटांनी लव्हडेनं हातानं मला बोलावलं. ओठांवर रंग आला होता. तिनं मास्क जरा दूर केला.

"शेडमधले डबे," ती म्हणाली. मध्ये श्वास घेतला. "हेडलीला दे. त्याच्या मेंढ्या... व्यायला लागतील आता."

"तुला माहीत होतं?"

"अरे, कंपोस्ट... मी उपसते ना."

हेडली घोडीकडे तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते. खोकत होता की हसत होता, मी विचारलं नाही.

त्या मुलीनं मला नवा निळा पंप दिला आणि दिवसातून किती वेळा, कसा, ते समजावून सांगितलं. मी तो हातात फिरवला. प्लॅस्टिकचं आवरण, धातूचा डबा, आत दाबलेला वायू.

"हे कुठं बनतात?" मी विचारलं.

"आम्हाला दवाखान्याच्या भांडारातून मिळतात."

"आणि भांडारात कुठून येतात?"

तिनं खांदे उडवले. "येतात," ती म्हणाली. "नेहमी येतात."

ती मला धीर द्यायला हसली आणि दार लावायला गेली. मी लव्हडेशेजारी बसलो, तिचा हात धरला. चौऱ्याऐंशी पानांत कणसांचं बी होतं, मधमाश्या होत्या, साबण करायची कृती होती. तेल संपल्यावर ही वस्तू कुठून येणार, याचं पान नव्हतं. ते कसं लिहायचं ते मला माहीत नव्हतं, आणि दुसऱ्या कुणाला माहीत असेल असं वाटत नव्हतं.

गाडी निघाली. मी पंप उलटा करून खिडकी पाहिली. दोनशे. लव्हडेचे श्वास आता मिनिटाला बावीस होते. मी दोन्ही आकड्यांवरून नजर हलवली नाही.